हळदीच्या वखारीतली इंटरनॅशनल

दिवाळी जवळ आली की सांगलीतल्या हळदीच्या वखारींना चुना मारतात. सुभेदार तातोबा जगदाळ्यांच्या वखारीलाही मारतात, पण तीनच भिंतींना. पूर्वेकडच्या चौथ्या भिंतीकडे चुन्याची बादली घेऊन कुणी वळला, की सुभेदार तिथे बाज टाकून झोपतात. एका वर्षी रंगारी नवीन होता. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागला की काम उरकून टाकू. सुभेदार दुपारभर डोळे मिटून घोरत होते, आणि रंगाऱ्याने कुंचला उचलला की घोरणं थांबत होतं. शेवटी रंगारीच कंटाळून निघून गेला.

त्या भिंतीवर गेरूने लिहिलं आहे, ‘जगदाळे ५, धनबहादूर ४, तिसरा सेट.’ त्याखाली ‘फॉर्टी-थर्टी’. आणि सगळ्यांत खाली, जरा मोठ्या अक्षरात, ‘तहकूब’. अक्षर माझं आहे. शाळेच्या फळ्यावर मी ह्याच अक्षरात नद्यांची नावं लिहितो, त्यामुळे सांगलीतला माझा कुठलाही विद्यार्थी ते ओळखतो आणि हा सगळा खुळेपणा माझ्याही नावावर जमा होतो.

सांगलीत एका काळी आंतरराष्ट्रीय इनडोअर टेनिस स्पर्धा होत असे, असं मी साताऱ्यात सांगायला लागलो की ऐकणारे आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या बायकोकडे बघतात. ती मान डोलावते, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसतो. दर श्रावणात ही स्पर्धा व्हायची. आता ती बंद पडली असं सगळे म्हणतात, पण सुभेदारांच्या समोर ‘बंद’ म्हणायची सोय नाही.

“बंद गिरणी पडती, मास्तर. आपली इंटरनॅशनल तहकूब हाय, तहकूब!”

मी मूळचा वाईचा. भूगोलाचा मास्तर. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी सांगलीच्या एका शाळेत लागलो आणि सुभेदारांच्या वखारीच्या पुढच्या अंगाला असलेल्या माडीवर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नवीन भाडेकरूला घरमालक काय विचारतो? गाव कुठलं, पगार किती, पाणी किती लागतं. सुभेदारांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “मास्तर, फॉर्टीच्या फुडं काय येतं?”

मी म्हणालो, “एकेचाळीस.”

“ब्येस!” सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. “गडी कोरा हाय. शिकवाया सोपा.” आणि त्या दिवसापासून मी आंतरराष्ट्रीय अंपायर झालो. माझी संमती विचारल्याचं मला आठवत नाही.

सुभेदार कडेगावकडच्या एका खेड्यातले. घरचा ऊस, भावाची हळदीची अडत. धाकटे म्हणून ते पलटणीत गेले, आणि पलटणीने त्यांना देशाच्या अगदी पूर्वेच्या टोकाला नेऊन ठेवलं. तिथे पाऊस पडायला लागला की महिनोन्‌महिने थांबत नसे. त्यांच्या मेजरसाहेबाला टेनिसचा नाद. उघड्यावर चिखल, म्हणून साहेबाने रेशनची एक मोकळी शेड धरली, रेषा आखल्या, जाळं लावलं. खेळायला जोडीदार मिळेना, म्हणून तातोबा जगदाळे नावाच्या शिपायाच्या हातात रॅकेट दिली. शेजारच्या गोरखा पलटणीतला धनबहादूर नावाचा एक नेपाळी शिपाई चेंडू आणून द्यायला असायचा, त्यालाही एक रॅकेट दिली. पुढे साहेबाची बदली झाली. शेड राहिली, जाळं राहिलं आणि हे दोघे राहिले.

तर सुभेदारांनी आयुष्यात पाहिलेलं टेनिस हे एवढंच. त्यामुळे टेनिस छपराखालीच खेळतात, ही त्यांची श्रद्धा. माझी सासुरवाडी साताऱ्याची. एकदा मी त्यांना तिकडे घेऊन गेलो आणि मुद्दाम तिथल्या क्लबाचं टेनिसचं मैदान दाखवलं. लाल मातीचं सुंदर कोर्ट, पांढऱ्या कपड्यांतली चार माणसं खेळत होती. सुभेदार कुंपणाशी उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग हळूच, दुखवट्याला आल्यासारखे म्हणाले, “आरारा! छप्पर कवा उडालं वो?”

मी सांगितलं, की टेनिस असंच खेळतात, जगभर.

“जगाचं जगापाशी,” सुभेदार म्हणाले. “वाऱ्यावर चेंडू मारण्यात कसली आलीया मर्दुमकी?”

निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. भावाचा मुलगा प्रल्हाद सांगलीची अडत बघत होता, त्याच्याकडे ते राहायला आले. हळदीचा हंगाम उन्हाळ्यात संपतो आणि पावसाळ्यात वखारी मोकळ्या पडतात. पहिल्याच पावसाळ्यात सुभेदारांनी रिकाम्या वखारीत पाऊल टाकलं, वर पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि त्यांना एकदम आपली शेड आठवली. हे त्यांनीच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फरशीवर चुन्याच्या रेषा मारल्या.

जाळ्यासाठी ते हरिपूरला गेले. तिथल्या भोयांकडून मासे धरायचं जुनं जाळं आणलं. ते दोनदा धुतलं, उन्हात घातलं, तरी त्याचा वास काही गेला नाही, आणि स्पर्धेला सगळ्यांत आधी कोण येऊन बसत असेल तर पेठेतली मांजरं. रॅकेटच्या तारा तुटल्या की सुभेदार त्या मिरजेला सतारी बनवणाऱ्या एका कारागिराकडून लावून आणायचे. तो भला माणूस तारा ओढून झाल्यावर बोटाने छेडून कान लावायचा आणि सूर पटल्याशिवाय रॅकेट हातात द्यायचा नाही. चेंडू बसला की त्या रॅकेटमधून असा काही नाद निघायचा, की वर माडीवर माझी बायको मालती भाजी चिरता चिरता म्हणायची, “आज सुभेदार चांगले लागलेत.”

पण त्या कोर्टाची खरी गंमत होती खांबात. वखारीच्या बरोबर मध्यावर एक जुना सागवानी खांब आहे, दोन माणसांच्या कवेत येईल एवढा. कोर्ट आखलं तेव्हा तो नेमका जाळ्याच्या रेषेवर आला. दुसरा कुणी असता तर कोर्ट सरकवलं असतं. सुभेदारांनी जाळ्याचे दोन तुकडे केले आणि खांबाच्या दोन्ही अंगांना बांधले. मग नियम केला: चेंडू खांबाला लागला की तो पॉइंट धरायचा नाही, पुन्हा खेळायचा. “खांब! पुन्हा!” असं मी ओरडायचं. हमाल लोक दसऱ्याला त्या खांबाला शेंदूर लावतात, झेंडूची माळ घालतात. सुभेदारांनी स्वतः कधी त्याला चेंडू लागू दिला नव्हता. मी पाहत होतो तितकी वर्षं तरी एकदाही नाही.

“खांब म्हंजी घरातलं थोरलं माणूस, मास्तर. त्येला चेंडू मारत्यात व्हय?”

माझी खुर्ची म्हणजे हळदीच्या पोत्यांची थप्पी. हंगामातली उरलीसुरली पोती एका कोपऱ्यात रचून त्यावर मला चढवायचे. प्रत्येक पॉइंटला मी आधी शिंकायचो आणि मग गुण सांगायचो. गुण सांगतानाही अडचण होती. शून्याला टेनिसात जो ‘लव्ह’ शब्द आहे, तो आयाबायांच्या देखत मोठ्याने उच्चारायला सुभेदारांची सक्त मनाई. म्हणून आमच्याकडे ‘फिफ्टीन-भोपळा’, ‘थर्टी-भोपळा’ असं चाले. मेजरसाहेबाच्या काळीही असंच होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “सायबाचं घर लांब व्हतं. त्येला काय, कुनी ऐकाय न्हवतं.”

वखारीतली हळद कितीही झाडली तरी जात नाही. फटींत असते, तुळयांवर असते. दोन-चार टोल्यांत पांढरा चेंडू पिवळा व्हायचा, सेट संपेपर्यंत खेळणारे पिवळे व्हायचे, आणि सामना संपला की अंपायर. माझे सदरे मालतीने रिठ्याने धुतले, सोड्याने धुतले, शेवटी हात टेकले. पुढे एकदा मला वर्तमानपत्रात बातमी दिसली, की परदेशातल्या मोठ्या स्पर्धांत आता पिवळ्या चेंडूंनी खेळायला लागलेत, तो डोळ्यांना चांगला दिसतो म्हणे. मी ती सुभेदारांना वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली.

“सांगलीचं नाव घातलंय का?”

“नाही.”

“घालनार न्हाईत. आपलं बघून केलं म्हनाया लाज वाटती त्यास्नी.” आणि त्या दिवसापासून जगाला पिवळा चेंडू आपण दिला, हे ते अडतीवर आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगायला लागले. शेतकरी बिचारे हळदीचा भाव विचारायला आलेले असायचे.

आता आंतरराष्ट्रीय कशी, ते सांगतो. पहिल्या वर्षी सुभेदारांनी धनबहादूरला बोलावणं पाठवलं. तोही नाईक होऊन निवृत्त झाला होता आणि नेपाळात डोंगरात आपली भातशेती बघत होता. भाताची लावणी आटपून तो निघाला, किती गाड्या बदलल्या कोण जाणे, आणि श्रावणात मिरज स्टेशनवर उतरला. ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, हसला की डोळे नाहीसे होणारा माणूस. पाठीवर वळकटी आणि तिच्यात खोचलेली रॅकेट. सुभेदारांनी त्याला मिठी मारली आणि वळून मला म्हणाले, “मास्तर, आलं बघा इंटरनॅशनल!”

तेव्हापासून तो दर वर्षी यायचा आणि त्यांचा दसरा घरीच व्हावा लागतो म्हणून त्याच्या आधी परतायचा. बाकीचे खेळाडू मिळतील तसे. बँकेतले दोघे, मिरजेचे एक डॉक्टर, आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर. एका वर्षी तर साताऱ्याच्या त्या क्लबातले एक वकील ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द ऐकून थेट पांढऱ्या विजारीत आले. पहिल्याच सामन्यात त्यांची ड्रिलमास्तरांशी गाठ पडली. वकीलसाहेबांचा हात फार सुरेख. पण प्रत्येक सुरेख फटका खांबाला जाऊन लागायचा आणि मी वरून “खांब! पुन्हा!” ओरडायचो. त्यांनी खेळ थांबवून मला नियमांचं इंग्रजी पुस्तक दाखवलं. त्यात खांब कुठेच नव्हता.

सुभेदार शांतपणे म्हणाले, “वकीलसाहेब, पुस्तकात न्हाई, पर वखारीत हाय. आता कुनाचं खरं धरायचं?”

वकीलसाहेब हरले. रात्रीच्या मुक्कामाला न थांबता ते तसेच एसटीने निघाले, आणि साताऱ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा ओळखीच्या एका म्हाताऱ्याने त्यांना विचारलं, “काय वकीलसाहेब, हळद कुणाची होती?” हे त्यांनीच आम्हाला पुढच्या वर्षी सांगितलं. म्हणजे पुढच्या वर्षीही ते आले. त्या वखारीत असं काहीतरी होतं खरं.

अंतिम सामना मात्र नेहमी जगदाळे विरुद्ध धनबहादूर. कधी हा जिंकायचा, कधी तो. चषक म्हणून एक लोखंडी पायली होती. किलो आल्यावर धान्य मापायच्या कामातून ती बाद झाली होती. ती दोनदा नेपाळच्या डोंगरात राहून आली. सामना संपला की दोघे वखारीच्या दाराशी पायरीवर बसायचे. मला वाटायचं, आता पलटणीच्या गोष्टी निघतील. पण ते काही बोलत नसत. पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि दोघे ऐकत बसायचे. सुभेदारांचं तोंड वर्षभर बंद नसायचं, ते एवढे पंधरा-वीस दिवस बंद असायचं. गावात त्यांच्या गोष्टी ऐकणारे पुष्कळ होते, पण न सांगता कळणारा हा एकच होता. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. मालतीच्या पहिल्याच श्रावणात आलं होतं.

मग एका वर्षी धनबहादूर काठी टेकत उतरला. पहिल्याच संध्याकाळी दोघे माडीवर आमच्याकडे चहाला आले. मालतीने कांदेपोहे केले होते. धनबहादूरने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “मास्टरजी, ये आखिरी बार है. घुटना मना करता है. लड़का भी बोलता है, इतना दूर अब मत जाओ.”

मी सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, “वैनी, पोह्यात श्येंगदानं लय झ्याक लागत्यात.”

पुढचे सगळे दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. धनबहादूरने काढला की हे उठून रेषांवर चुना मारायला जायचे. इतका चुना मारला, की त्या वर्षी रेषा चांगल्या वीतभर रुंद झाल्या.

अंतिम सामन्याला वखार भरली होती. हमाल, मांजरं, बँकवाले, साताऱ्याचे वकीलसाहेब, माळ्यावर मालती आणि पेठेतल्या बायका. प्रल्हादसुद्धा पेढी सोडून आला होता. एकाचा गुडघा गेलेला, दुसऱ्याचा खांदा. सर्व्हिस दोघेही खालूनच करत होते. तरी पहिला सेट सुभेदारांनी घेतला, दुसरा धनबहादूरने. तिसऱ्यात अगदी बरोबरीने चाललं होतं, आणि छपराच्या काचांतला उजेड उतरायला लागला तेव्हा सुभेदार पाच-चारने पुढे आले. फॉर्टी-थर्टी. सर्व्हिस सुभेदारांची. एक पॉइंट मिळाला की सामना संपला, स्पर्धा संपली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मिरजेची गाडी.

मी शिंकलो आणि म्हणालो, “मॅच पॉइंट.”

सुभेदारांनी चेंडू दोनदा फरशीवर आपटला. मग मारला. तो सरळ खांबाला लागला.

सुभेदारांचा चेंडू खांबाला लागलेला कुणी पाहिलाच नव्हता. “खांब! पुन्हा!” मी म्हणालो. त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा खांब. तिसऱ्यांदा वकीलसाहेब उठून उभे राहिले. “अहो सुभेदार, जरा डावीकडे धरा!” सुभेदारांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. खांब.

चौथ्या वेळी मात्र नेम चुकला म्हणायचा, कारण चेंडू खांबाच्या बाजूने नीट पलीकडे गेला. अगदी सोपा, संथ, धनबहादूरच्या हाताशी. तो मारला तर मारला, सोडला तर सुभेदार जिंकले. धनबहादूर हलला नाही. खांबाच्या कडेने त्याने आपल्या मित्राकडे बघितलं, क्षणभरच. मग त्याने रॅकेट मागे घेतली आणि असा सणसणीत टोला खांबावर हाणला, की गेल्या दसऱ्याच्या शेंदराचा पोपडा उडाला.

“खांब,” मी म्हणालो. “पुन्हा.”

त्यानंतर जे चाललं ते टेनिस नव्हतं. एकदा हा खांबाला मारायचा, एकदा तो. हमाल आधी हसले, मग त्यांचं हसणं थांबलं. माळ्यावरून मालतीने नाक ओढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दोन म्हातारी माणसं त्या लाकडावर चेंडू मारत होती आणि दोघांचेही चेहरे शाळा सुटल्यासारखे झाले होते. उजेड कमी कमी होत गेला.

“पेट्रोमॅक्स आणा रे!” वकीलसाहेब ओरडले. “निकाल लागला पाहिजे!”

“इंटरनॅशनलमदी बत्ती चालत न्हाई!” सुभेदारांनी तिथूनच दरडावलं.

“हा नियम कुठला?”

“आजचाच हाय.”

मी थप्पीवरून उतरलो आणि अंधारामुळे सामना तहकूब झाल्याचं जाहीर केलं. माझ्या अंपायरच्या कारकिर्दीतला एवढाच निर्णय मी कुणाला न विचारता दिला. सुभेदारांनी गेरूचा खडा माझ्या हातात दिला. “ल्हिवा, मास्तर. भितीवर ल्हिवा. आन्‌ तहकूब जरा मोठं ल्हिवा, त्येला लांबनं दिसाया पायजे.”

सकाळी मिरज स्टेशनवर धनबहादूर खिडकीशी बसला. “सुभेदार साब, तो फिर मैच?”

“मॅच अधूरा है,” सुभेदार आपल्या पलटणीच्या हिंदीत म्हणाले. “आना पड़ेगा. नियम म्हंजी नियम.” गाडी हलल्यावर ते सॅल्यूट करून उभे राहिले, शेवटचा डबा जाईपर्यंत. परतताना टांग्यात मी म्हणालो, की सुभेदार, खांबाला चेंडू मारलात, थोरलं माणूस ना ते?

“थोरलं हाय म्हनूनच की,” ते म्हणाले. “दोघांच्या मधी थोरलं माणूस पडलं, मंग निकाल कसा लागंल?”

पुढच्या श्रावणात धनबहादूर आला नाही. सुभेदारांनी रेषा मारल्या, जाळं बांधलं, आणि गणपती बसले तशी ते सोडून ठेवलं. कुणी विचारलं की भिंतीकडे बोट दाखवायचे. त्याच सुमारास मला साताऱ्याच्या शाळेत जागा मिळाली आणि आम्ही सांगली सोडली. निघताना सुभेदारांनी मला बजावलं, “अंपायर बदली झाला तरी अंपायरच ऱ्हातो.”

ह्या वर्षी उन्हाळ्यात प्रल्हादने मनावर घेतलं. त्याचंही चूक नव्हतं. ट्रक आत येत नाही, माल बाहेर उतरवून हमालांच्या पाठीवरून न्यावा लागतो, आणि आडवा येतो तो खांब. लोखंडी तुळई घालून खांब काढायचा, हंगाम संपला की गवंडी बोलवायचा, असं ठरलं. सुभेदारांनी भांडण केलं नाही. हे मला प्रल्हादनेच सांगितलं, साताऱ्याला कामासाठी आला होता तेव्हा. “भांडलं असतं तर बरं झालं असतं वो, मास्तर. तात्या नुसतं म्हनलं, वखार तुजी हाय. आन्‌ जाऊन खांबापाशी बसलं.”

त्या दिवशी मालतीच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं.

गेल्या रविवारी सकाळी दारात कडी वाजली. सुभेदार. डोक्याला पटका, काखेत हळकुंडांची पिशवी. पहिल्या एसटीने आले होते. पाणीसुद्धा न घेता त्यांनी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली.

कोरेगावकडचा एक जवान सुट्टीवर आला होता. तो जिथे ड्यूटीला आहे तिथे नेपाळातले जुने शिपाई पेन्शन न्यायला डोंगर उतरून येतात. एकाने त्याची बोली ऐकली आणि विचारलं, सांगली ठाऊक आहे का, हळदीची वखार ठाऊक आहे का. आणि निरोप दिला. जवान तो निरोप घेऊन शोधत शोधत अडतीवर आला, तेव्हा गवंडी खांबाला टेप लावून बघत होता.

“काय निरोप?” मी विचारलं.

सुभेदार ‘सावधान’मध्ये उभे राहिले. निरोप त्यांनी जसाच्या तसा म्हटला, हुकूम वाचून दाखवावा तसा.

“घुटना ठीक है. सावन में आता हूँ. खंबे को मेरा सलाम बोलना. इस बार पहले मैं मारूँगा.”

मग त्यांनी पटका काढला आणि त्याच्या टोकाने डोळे पुसले. मीही दुसरीकडे बघितलं.

“आणि प्रल्हाद?” मालतीने विचारलं.

“त्यो तितंच व्हता की. त्येनं ऐकलं. आन्‌ गवंड्याला म्हनला, टेप गुंडाळ रं, ट्रक भाईर हुबा ऱ्हातुया त्योच बरा हाय.” सुभेदार आता कुठे खाली बसले. “तवा मास्तर, अंपायरला वर्दी द्याया आलुया. श्रावण कवा लागतुया, बघा पंचांगात.”

मी पंचांग शोधायला उठलो. तोवर मालतीने आतल्या ट्रंकेतून काहीतरी काढून झटकलं आणि मला शिंक आली. माझा पिवळा सदरा होता. साताऱ्याला येताना मी तो टाकून द्यायला सांगितला होता. तिने तो इस्त्री करून ठेवला होता.